शेवटची बोरिवली सुटल्यावर

मुंबई कधी झोपत नाही असे जो म्हणतो, तो बहुधा मुलुंडला राहत नाही. मुलुंड झोपते, आणि चांगले गाढ झोपते. साडेदहाच्या सुमारास पाच रस्त्याच्या आसपासची दुकाने शटर ओढू लागतात, आणि अकरानंतर रिक्षावाल्याला हात दाखवला तर तो आधी आपल्या घराची दिशा बघतो. घाटकोपर थोडे उशिरा निजते. बोरिवली नवरात्र सोडली तर मुलुंडइतकीच वेळेवर. अंधेरीबद्दल मात्र एकच एक विधान करता येत नाही, कारण वेसाव्याची अंधेरी, लोखंडवालाची अंधेरी, मरोळची अंधेरी आणि साकीनाक्याची अंधेरी यांची घड्याळे वेगवेगळी चालतात.

२०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात ३१ लाखांच्या आत माणसे होती आणि उपनगर जिल्ह्यात ९३ लाखांच्या वर. चार मुंबईकरांपैकी तिघे रात्री उपनगरात अंग टाकतात. तरीही ‘नाइटलाइफ’ म्हटले की डोळ्यांपुढे येते कुलाबा, लोअर परळ, फार तर वांद्रे. उपनगराने दिवसभर शहरात राबावे आणि रात्री झोपायला परत यावे, असा एक जुना करार कुणीतरी आपल्या वतीने करून ठेवलेला आहे. त्या करारात उपनगराच्या रात्रीला जागाच नव्हती. ती माणसांनी स्वतः केली, फुटपाथवर, मैदानात, स्टेशनबाहेर. माझा वाद आहे तो याबद्दल: सरकारने रात्रीचे धोरण केले तेव्हा ही रात्र सोडून दुसऱ्याच रात्रीचे केले.

२२ जानेवारी २०२० रोजी राज्याच्या मंत्रिमंडळाने ‘मुंबई २४ तास’ या धोरणाला मान्यता दिली आणि २७ तारखेपासून ते लागू झाले. तेव्हाचे पर्यटनमंत्री आदित्य ठाकरे यांनी ते बरीच वर्षे लावून धरले होते. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने वेळेचे बंधन आधीच सैल केले होते, त्यामुळे धोरणात क्रांतिकारक असे काही नव्हते. वाचण्यासारखी होती ती त्यातली अट. निवासी वस्तीत नको. मॉल, जुन्या गिरण्यांची आवारे अशा फाटकबंद जागी, जिथे पार्किंग आहे, सीसीटीव्ही आहेत, सुरक्षारक्षक आहेत, तिथे चालेल. फाटकाबाहेरच्या म्हणून ज्या जागा घेतल्या त्या नरिमन पॉइंट, काळा घोडा आणि वांद्रे-कुर्ला संकुल. म्हणजे जिथे रात्री राहायला फारसे कुणी नसते, नेमकी तिथली रात्र जागती ठेवायची. पुढे दोन महिने पुरते व्हायच्या आत टाळेबंदी आली आणि धोरणाची परीक्षा झालीच नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने पुन्हा खुलासा केला की दारूची दुकाने, परमिट रूम वगैरे वगळून बाकी आस्थापना चोवीस तास उघड्या ठेवता येतील.

दोन्ही वेळा भांडण झाले ते ठरलेल्या रुळांवरून. एका बाजूला संस्कृती, दुसऱ्या बाजूला रोजगार आणि महसूल. शटर किती वाजेपर्यंत वर राहावे, एवढ्यावरच दोन्ही पक्ष बोलत राहिले. त्या शटरमागचा पोऱ्या घरी कसा जातो, हा प्रश्न संस्कृतिरक्षकांनाही पडला नाही आणि रोजगारवाल्यांनाही नाही.

उपनगराची रात्र मुळात करमणुकीतून आलेली नाही, ती पाळीतून आली. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गावर आणि पश्चिमेला अंधेरी-गोरेगाव भागात कारखाने होते, तेव्हा तिसऱ्या पाळीचा भोंगा हेच रात्रीचे घड्याळ होते. पाळी सुटणाऱ्यांसाठी आणि पाळीला जाणाऱ्यांसाठी चहा, भुर्जीपाव, बिडी-काडी. १९७३ साली अंधेरी पूर्वेला सीप्झ हे निर्यात-क्षेत्र आले, आणि पुढे सहस्रक उलटताना कॉल सेंटरे आली. अमेरिकेच्या दिवसाबरोबर जागणारी मरोळ-चकाल्याची मुले-मुली कंपनीच्या गाड्यांतून पहाटे घरी येऊ लागली, आणि सोसायटीतल्या काकू दुधाची पिशवी उचलताना त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघू लागल्या. कारखाने गेले, त्यांच्या जमिनीवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. जे धोरण मॉलची रात्र उघडते, ते त्या जमिनीला विसरलेले आहे.

अंधेरीचा राजा हा या इतिहासाचा चालता-बोलता पुरावा. आझादनगरचा हा गणपती १९६६ साली गोल्डन टोबॅको, टाटा स्पेशल स्टील आणि एक्सेल इंडस्ट्रीज या कारखान्यांतल्या कामगारांनी बसवला. अनंत चतुर्दशीला सगळ्या मुंबईचे गणपती जातात तेव्हा हा जात नाही. तो संकष्टीला निघतो. संध्याकाळी निघालेली मिरवणूक रात्रभर अंधेरीच्या रस्त्यांवरून फिरते आणि दुसऱ्या दिवशी वेसाव्याला पोचते, तिथे कोळी बांधव मूर्ती होडीतून समुद्रात नेतात. वाटेत दारादारात आरती, गॅलऱ्यांतून पाहणारे सिंधी आणि पंजाबी, नाक्यावर पाणी वाटणारे मुसलमान, बंदोबस्ताला साताऱ्या-सांगलीकडचा हवालदार. नाइटलाइफचे धोरण लिहिणाऱ्यांना ही अंधेरीतली सर्वांत मोठी रात्र वाटणार नाही, कारण इथे बिल फाटत नाही.

बोरिवलीची रात्र मात्र पास विकून होते. चिकूवाडीजवळच्या प्रमोद महाजन मैदानावर फाल्गुनी पाठक गातात तेव्हा सगळी पश्चिम उपनगरे तिकडे वाहत जातात. कोरा केंद्राचे मैदान आहेच. घागरा-चोळीतल्या मुलींचे थवे लोकलमधून उतरतात. त्यांत गुजराती असतात तशा परळ-लालबागच्या चाळींतून बोरिवलीला आलेल्या मराठी घरांतल्याही असतात. गरब्यात कोण कुठला हे ओळखायचे तर पायांकडे बघावे लागते, आणि तिसऱ्या रात्रीपर्यंत तेही कळेनासे होते.

इथे दुसरा पक्ष ऐकायला हवा. मैदानासमोरच्या इमारतीत कुणीतरी आजारी आहे, कुणाची परीक्षा आहे, कुणाला पहाटे पाच वाजता ड्यूटीवर जायचे आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकारला ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवता येते. त्या पंधरांत गणपती, नवरात्र, नाताळ, ३१ डिसेंबर वगैरे सगळ्यांनी बसायचे. लोकांना हा नियम जाचक वाटतो. मला तो उपनगरातला सर्वांत शहाणा नियम वाटतो. कारण तो उत्सव करणाऱ्याला आणि झोपणाऱ्याला, दोघांनाही माणूस समजतो, आणि सवलत मोजून देतो. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की ध्वनिक्षेपक हा कुठल्याही धर्माचा अविभाज्य भाग नाही. कुठल्याही, म्हणजे आपल्याही. शेजारच्याचा भोंगा ऐकू येतो आणि आपला डीजे ऐकू येत नाही, हा कानाचा विकार मिश्र वस्तीत सार्वत्रिक आहे. जात-धर्म न पाहता तो सगळ्यांना होतो.

आता मिश्र वस्तीबद्दल थोडे. उपनगरे बहुभाषिक आहेत, हे भाषणात छान वाटते. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडच्या एका सोसायटीत मराठी स्त्रीला कार्यालयासाठी जागा नाकारल्याची चित्रफीत सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. ते प्रकरण गाजले कारण ते कॅमेऱ्यात आले. आडनाव विचारून, स्वयंपाकघरात काय शिजते ते विचारून भाडेकरू परत पाठवणे हे उपनगरात मुसलमानाला, दलिताला, मासे खाणाऱ्याला, एकट्या मुलीला नवे नाही, आणि ते करणाऱ्यांत मराठी माणसेही आहेत. इमारतीचे फाटक माणसे निवडते. रस्ता निवडत नाही.

म्हणून घाटकोपरच्या वल्लभबाग लेनकडे मी नुसती खाऊगल्ली म्हणून बघत नाही. पूर्वेच्या या गल्लीत संध्याकाळनंतर तवे तापतात. जिनी डोसा, चीजखाली गाडलेली पावभाजी, पाणीपुरी, प्रत्येक गोष्टीला ‘जैन’ हा पर्याय. आजूबाजूची वस्ती मुख्यतः गुजराती आणि जैन, आणि त्यांतली व्रतस्थ मंडळी सूर्यास्तानंतर काही तोंडात घालत नाहीत. सूर्यास्तानंतर न खाणाऱ्यांच्या वस्तीत सूर्यास्तानंतर भरणारी खाऊगल्ली! तिथे तव्यामागे उभा असतो तो बहुधा उत्तर प्रदेशचा किंवा दक्षिणेकडचा, गिऱ्हाईक कॉलेजातली मुले, ऑफिसातून उतरलेली जोडपी, पार ठाण्याहून आलेली कुटुंबे. ज्या इमारतीत मांसाहारी भाडेकरू नको असतो, त्या इमारतीतला मुलगा आणि तो नाकारलेला भाडेकरू एकाच कागदी प्लेटवर शेजारी-शेजारी उभे राहून खातात. यातून बंधुभाव वाढतो असा माझा दावा नाही. दोघे एकमेकांना दिसतात, एवढेच. शहराला ते पुरते.

या गल्लीचे कायद्यातले स्थान काय? फेरीवाल्यांसाठी २०१४ साली केंद्राचा कायदा झाला. नगर पथविक्रेता समिती, सर्वेक्षण, प्रमाणपत्रे, विक्रीची क्षेत्रे, सगळे कागदावर आहे. मुंबईत सर्वेक्षण झाले, वाद झाले, याचिका झाल्या, आणि वर्षांमागून वर्षे गेली. कायदा आल्यावरही बहुतेक गाड्यांचा कारभार कृपेवर आणि हप्त्यावर चालतो. पालिकेची ‘गाडी आली’ अशी हाक आली की अर्धी गल्ली तव्यासकट अदृश्य होते. म्हणजे मॉलमधल्या फूड कोर्टाला रात्रभर उघडे राहण्याचा हक्क आहे, आणि ज्या गल्लीमुळे घाटकोपरचे नाव झाले तिला रात्री दहालाही तो नाही. रहिवाशांच्या तक्रारी खोट्या नाहीत. तूप आणि सांडपाणी, दुहेरी पार्किंग, अडलेली रुग्णवाहिका. पण या तक्रारींना उत्तर नियम हे आहे. ते वेळ, जागा आणि सफाई ठरवून देता येते. पळवून लावणे हे उत्तर कधीच टिकत नाही, कारण पळालेली गाडी अर्ध्या तासात परत येते, फक्त तिचा खर्च थोडा वाढलेला असतो.

फाटकाची ही ओढ नवी नाही. ऑगस्ट २००५ मध्ये राज्याने डान्स बार बंद केले. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या सगळ्या पट्ट्यात ते होते. बंदीतून तीन आणि त्याहून जास्त तारे असलेल्या हॉटेलांना सूट होती. एकच नाच, एका दारामागे अश्लील आणि दुसऱ्या दारामागे आदरातिथ्य. उच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये या भेदावरच बोट ठेवून बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये तो निकाल कायम केला, मग नवे कायदे आले आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांतल्या जाचक अटीही सैल झाल्या. तोवर तेरा वर्षांहून जास्त काळ गेला होता. त्या बायका कुठे गेल्या, याची मोजदाद राज्याने केली नाही. डान्स बारची बाजू घ्यावी असे मला वाटत नाही; तिथल्या शोषणाच्या गोष्टी खऱ्या होत्या. पण राज्याची नैतिकता हॉटेलच्या तारांकनाप्रमाणे बदलते, ही त्या प्रकरणातली शिकवण रात्रीचे धोरण वाचताना आठवतेच. (ज्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार आजही पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो, आणि तो कुणाच्याच खिशात नसतो, तिथे रात्रीबद्दल सरळ बोलणे अवघडच.)

या सगळ्या चर्चेत एक रस्ता कधीच येत नाही. साकीनाक्याचा खैरानी रोड. १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे तिथल्या एका फरसाणाच्या दुकानाला आग लागली आणि बारा कामगार गेले. ते दुकानातच झोपत होते, काम संपल्यावर जायला दुसरी जागा नव्हती म्हणून. अकरा दिवसांनी, २९ डिसेंबरला, लोअर परळच्या कमला मिल आवारात पब जळाले आणि चौदा जण गेले. दुसऱ्या आगीनंतर सगळ्या शहरात झडती सुरू झाली, हॉटेलांची बेकायदा बांधकामे पाडली गेली, हुक्क्यावर बंदी आली, महिनोन्‌महिने चर्चा चालली. पहिल्या आगीला दोन-तीन दिवसांच्या बातम्या मिळाल्या. मेलेल्यांची तुलना करू नये. पण शहराला कुणाची रात्र दिसते आणि कुणाची दिसत नाही, हे त्या दोन आठवड्यांत लख्ख दिसले. पबमध्ये आलेला माणूस रात्रीचा नागरिक होता. माळ्यावर झोपलेला कामगार हा फक्त दुकानातला माल होता.

त्याच खैरानी रोडवर सप्टेंबर २०२१ मध्ये पहाटे एका स्त्रीवर अमानुष अत्याचार झाला आणि रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. आरोपीला पुढच्या वर्षी फाशीची शिक्षा सुनावली गेली. त्या घटनेनंतर मुंबई पोलिसांनी ज्या सूचना काढल्या त्या मला कुठल्याही नाइटलाइफ धोरणापेक्षा मोलाच्या वाटतात. अंधाऱ्या आणि निर्मनुष्य जागा शोधून तिथे दिवे लावून घ्या. स्त्रियांच्या सार्वजनिक स्वच्छतागृहांपाशी उजेड आणि गस्त ठेवा. रात्री एकटी स्त्री दिसली तर तिला मदत करा. लांब पल्ल्याच्या गाड्या जिथे थांबतात त्या स्टेशनांबाहेर रात्री पोलिसांची गाडी उभी ठेवा. सगळे साधे, स्वस्त आणि कंटाळवाणे. रात्रीचे खरे धोरण असेच कंटाळवाणे असते. एवढे सुचायला एक मृत्यू मात्र लागला.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचे ‘व्हाय लॉइटर?’ हे पुस्तक २०११ साली आले. मुंबई स्त्रियांसाठी सुरक्षित असल्याचा जो डांगोरा पिटला जातो, त्याची त्यांनी बारकाईने तपासणी केली होती. या शहरात स्त्री रस्त्यावर असते ती काहीतरी काम असल्याचे दाखवत: पिशवी, फोन, मूल, झपाझप चाल. नुसते रेंगाळण्याचा हक्क तिला नाही, आणि तो मिळाल्याशिवाय शहर तिचे होत नाही, असे त्यांचे म्हणणे. उपनगरात हे फार पटते. कट्ट्यावर रात्री अकरा वाजता बसलेली मुले ही ‘पोरे’ असतात; त्याच कट्ट्यावर बसलेल्या मुली हा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा विषय होतो. याच २०११ मध्ये मुंबईतल्या संस्था-संघटनांनी ‘राइट टू पी’ मोहीम सुरू केली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, ही त्यातली पहिली तक्रार. बायकांसाठी रात्री उघडे असलेले, उजेड असलेले स्वच्छतागृह नसेल तर त्या रात्रीला बायका नसतात, मग तिला कितीही तास जोडा.

मॉलमध्ये ही सोय असते, हे मान्य केले पाहिजे. मुली मॉलमध्ये जातात त्याचे निम्मे कारण एसी असेल, निम्मे कारण स्वच्छतागृह. मॉलची निंदा करणाऱ्या आम्हा लेखकांना हे उशिरा समजते. पण जी सोय खासगी फाटकाआड जमते, ती पालिकेला रस्त्यावर जमू नये याला कारण पैशाचे नाही. रस्त्यावरच्या माणसाला तिथून हलवणे हेच जिथे काम मानले जाते, तिथे त्याच्यासाठी बाक कोण बसवणार?

रात्रीचे हे असे; दिवसाच्या आकर्षणांची मात्र उपनगरात वाण नाही, उलट जितकी संपत्ती इथे आहे तितकी दक्षिण मुंबईत नाही. राष्ट्रीय उद्यानाच्या बोरिवली पूर्वेच्या दारातून आत गेले की शंभरावर चौरस किलोमीटर जंगल आणि कान्हेरी. शंभराहून जास्त लेणी, पाण्याची टाकी, कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे शिलालेख. इसवी सनापूर्वीपासून सुमारे हजार वर्षे इथे वस्ती होती. अंधेरी-बोरिवलीत नवखे कोण, या भांडणाला कान्हेरी हे चांगले औषध आहे. मग जोगेश्वरी, महाकाली, मंडपेश्वरची लेणी. अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या बेसॉल्टचा उभा सुळका, माथ्यावर गावदेवी आणि चहूबाजूंनी इमारती. मेट्रोतून घाटकोपरकडे येताना दिसणारी असल्फाची रंगवलेली टेकडी तर आता फोटो काढणाऱ्यांच्या यादीत गेली आहे. रंगापलीकडच्या वस्तीशी त्यातल्या फार थोड्यांचा संबंध येतो.

ही आकर्षणे संध्याकाळी बंद होतात आणि उद्यानाच्या बाबतीत ते योग्यच आहे. तिथली रात्र दुसऱ्यांची आहे. सुमारे पन्नास बिबटे राष्ट्रीय उद्यान आणि आरेच्या परिसरात वावरतात, आणि अंधारात ते वस्तीच्या कडेने फिरतात. पाड्यांतले वारली वाघोबाला मानतात, त्यांच्या दृष्टीने हा शेजार जुना आहे. २००४ च्या सुमारास हल्ले फार वाढले, तेव्हा पिंजरे लावून बिबटे उचलणे हा उपाय झाला. पुढे वनखाते आणि अभ्यासकांनी मिळून दुसरी वाट धरली: कचरा उचला, म्हणजे कुत्री कमी होतील, म्हणजे बिबट्या आत येणार नाही, दिवे लावा, रात्री शौचाला उघड्यावर जावे लागू नये अशी सोय करा. पुन्हा तेच. दिवा, कचरा, संडास. बोरिवलीत बिबट्याबरोबर जगण्याचे सूत्र आणि साकीनाक्यात माणसाबरोबर जगण्याचे सूत्र इतके सारखे निघावे, यात उपनगराच्या कारभारावरची टीका आपोआप आली.

उद्यान बंद होणार हे ठीक. पण नाट्यगृह? मुलुंडचे कालिदास, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे, अंधेरीकरांना पार्ल्याचे दीनानाथ. मराठी माणसाचे नाइटलाइफ म्हणायचे तर ते हेच: साडेआठचा प्रयोग, मध्यंतरात बटाटेवडा, अकराच्या पुढे पडदा. निर्मात्यांना आता दुपारचे प्रयोग बरे वाटू लागले आहेत आणि त्याचे कारण प्रेक्षकांचे वय एवढेच सांगितले जाते. वय हे अर्धे कारण. उरलेले कारण कालिदासच्या दारातून बाहेर पडल्यावर दिसते. स्वतःची गाडी नसलेल्या साठीच्या जोडप्याला रिक्षा मिळत नाही, मिळाली तर जवळचे भाडे नको असते, आणि बारा वाजले की दीडपट नाही तरी सव्वापट भाडे कायद्यानेच लागते. मग ते जोडपे पुढच्या वेळी चारचा प्रयोग बघते, आणि काही वर्षांनी घरी बसून मालिका बघते. रात्रीचा प्रयोग मरतो तो रसिकतेच्या अभावाने नव्हे, रिक्षाच्या अभावाने.

आणि आता गाड्या. चर्चगेटहून शेवटची बोरिवली लोकल रात्री एकच्या सुमारास सुटते, पहिली चारनंतर. मध्य रेल्वेवर शेवटची गाडी त्याआधीच जाते. मधले तीन-साडेतीन तास रुळांच्या दुरुस्तीचे, ते तोडता येणार नाहीत. त्याच रात्रीच्या कामावर सकाळची गर्दी अवलंबून आहे. घाटकोपर-वर्सोवा मेट्रो जून २०१४ पासून धावते. उपनगरांना पूर्व-पश्चिम जोडणारी ती पहिली खरी सोय, पण तीही मध्यरात्रीच्या आत मिटते. लंडनने ऑगस्ट २०१६ मध्ये शुक्रवार-शनिवारी रात्रभर भुयारी रेल्वे सुरू केली. ॲमस्टरडॅमने २००३ पासून ‘रात्रीचा महापौर’ नेमला, त्याचे मुख्य काम बारवाले, रहिवासी आणि नगरपालिका यांना एका टेबलाशी बसवणे. ती शहरे श्रीमंत आहेत, मान्य. मग आपले उदाहरण घेऊ. २०२३ आणि २०२४ च्या नवरात्रीत दहिसर-अंधेरी पट्ट्यातल्या मेट्रो २ अ आणि ७ वर मध्यरात्रीनंतरही जादा फेऱ्या सोडल्या गेल्या. कर्मचारी मिळाले, वीज मिळाली, सुरक्षा मिळाली. जे गरब्यासाठी जमते ते एरवी जमत नाही, याचा अर्थ एवढाच की गरबा खेळणारा मतदार मोठ्या संख्येने एकाच ठिकाणी दिसतो, आणि रात्रपाळीची नर्स, हॉटेलचा वेटर, सीप्झमधला कारागीर, नाटक सुटलेले जोडपे हे विखुरलेले असतात.

‘वस्तीत रात्र नको’ असे म्हणणाऱ्या रहिवासी संघांशी माझा म्हणून पूर्ण वाद नाही. त्यांना हवी असलेली शांतता मलाही हवी आहे. फक्त शांतता म्हणजे रिकामा रस्ता, हे त्यांचे गणित चुकीचे आहे. अंधेरी पश्चिमेला चार बंगल्याच्या बाजूला रात्री एक वाजता सायकलवर थर्मास लावून चहावाला उभा असतो, बाजूला दोन रिक्षावाले, एखादा शूटिंग संपवून आलेला स्पॉटबॉय. पोलीस त्याला हुसकतात, कारण त्याला परवाना नाही. ज्या मुलीला कंपनीच्या गाडीने कोपऱ्यावर सोडले आहे तिला त्या चौघांचे तिथे असणे हे सीसीटीव्हीपेक्षा जास्त उपयोगाचे आहे. सीसीटीव्ही नंतर तपासतात.

तेव्हा मागणी लहान आहे, आणि ती मंत्रालयात न्यायची गरजही नाही. के-पश्चिम, आर-मध्य, एन आणि टी या वॉर्ड कार्यालयांत ती पुरी होऊ शकते. प्रत्येक वॉर्डात रात्री उघडी राहणारी, उजेडाची, बायकांना फुकट स्वच्छतागृहे स्टेशनाजवळ, रिक्षाथांब्याजवळ. खाऊगल्लीला ठरलेली जागा, ठरलेली वेळ, सफाईची ठरलेली जबाबदारी आणि पावती. हप्त्याला पर्याय पावती हाच असतो. रात्री काम करायला लावणाऱ्या प्रत्येक हॉटेलला आणि दुकानाला कामगारांच्या झोपण्याच्या जागेची तपासणी सक्तीची, फटाक्यांच्या दुकानाला असते तशी. २०१७ च्या कायद्याने रात्री साडेनऊनंतर काम करणाऱ्या स्त्रियांसाठी संमती आणि सुरक्षित वाहतुकीची अट घातली आहे. ती पुरुष वेटरला का नाही, हे कुणी सांगितलेले नाही. आणि नाट्यगृह जिथे आहे तिथे, प्रयोग सुटायच्या वेळी, बेस्टच्या दोन गाड्या उभ्या: एक स्टेशनला, एक पलीकडच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला. भाडे नेहमीचे. तोटा होईल, हे बेस्टचे अधिकारी सांगतीलच. बेस्ट गेली कित्येक वर्षे तोट्यातच आहे, आणि तो तोटा आजवर कालिदासच्या प्रेक्षकांनी केलेला नाही.